खिशातली पुरवणी

कोणतं पुस्तक हवंय तुम्हाला? — नाही, अशा बघू नका माझ्याकडे. मी तुम्हीच म्हणणार. घरी तू, इथे तुम्ही. या टेबलाच्या पलीकडे जो येऊन उभा राहतो तो वाचक, मग ते न्यायाधीश असोत नाहीतर माझी सून असो. कायद्याच्या ग्रंथालयात काम करायचं तर पहिली गोष्ट शिकायची ती हीच — माणूस ओळखीचा निघाला तरी चेहरा अनोळखी ठेवायचा. बसा. त्या खुर्चीवर नको, तिचा पाय हलतो, ह्या. दुपारपासून बघतेय मी, खांबाआडच्या टेबलाशी बसला होतात, डोक्याला स्कार्फ गुंडाळून — आता तो स्कार्फ मीच आणलेला, तुमच्या वाढदिवसाला, तर मी ओळखणार नाही होय? पण उठून आले नाही तुमच्याकडे. वाचक आपण होऊन टेबलाशी येईपर्यंत जायचं नसतं. काहींना यायला तास लागतो, काही दोनदा दारातून परत जातात, काही तर बाहेरची नोटीस वाचूनच घाबरतात. तुम्ही आलात. पुस्तक परत द्यायला का होईना, आलात.

आणि पुस्तक परत देताना काय म्हणालात? "काही नाही आई, सहज." — सगळे तेच म्हणतात हो. सहज कोणी कायदा वाचायला येतं का? इथे काय गोष्टीची पुस्तकं आहेत? कोणी म्हणतं मित्रासाठी हवंय, कोणी म्हणतं आमच्या शेजारणीचं एक प्रकरण आहे — त्या शेजारणीची सगळी प्रकरणं खरी धरली ना, तर बिचारीला जेवायला सवड मिळायची नाही. आणि वकील काही वेगळे नसतात. मागे एक वकीलसाहेब आले, घाईत, "ते निळं पुस्तक द्या, जाड, मागच्या वेळी कोपऱ्यात होतं." आमच्याकडे निम्मी पुस्तकं निळी आणि सगळीच जाड. हसायचं नाही मग. प्रकरण भाड्याचं की वारसाचं, निकाल हवाय की कायदा, अलीकडचा की जुना — असं एकेक विचारत गेलं की त्यांचंच त्यांना आठवतं. पुस्तक शेवटी लाल निघालं. तेही हसले, मीही हसले. माणूस जे मागतो आणि त्याला जे लागतं, त्या दोहोंमध्ये एक अरुंद बोळ असतो, त्यातून त्याला हळूच पलीकडे न्यायचं. काय शोधताय हे विचारायचं. काय झालंय हे विचारायचं नाही. म्हणून मी विचारत नाहीये. मनगटाचं मी काही विचारत नाहीये. बाही खाली ओढू नका, मी बघितलेलं नाही.

द्या ते पुस्तक इकडे. हं. कुटुंबाचा कायदा, राहत्या घराचं प्रकरण. बरोबर पान काढलंत की — पहिल्यांदाच दाराच्या आत येऊन, कोणाला न विचारता. लोक अनुक्रमणिका बघायचीच विसरतात आणि पानं उलटत बसतात. मी इथून बघत होते. ओळीखाली बोट ठेवून वाचत होतात, ओळ संपली, बोट तिथेच राहिलं, आणि मग पुस्तक मिटलंत — कोणाची झोप मोडू नये म्हणून दार लावतात ना, तसं. तिथे काय लिहिलंय ते मला पाठ आहे. घर नवऱ्याच्या नावावर असेल, किंवा भाड्याचं असून भाडं तो भरत असेल, तर बायकोला त्या घरातून काढता येत नाही. बस, एवढंच. सासूच्या नावावरच्या घराबद्दल अवाक्षर नाही. म्हणजे तुमच्यासारखीला — थांबा. तुमच्यासारखीला असं मी म्हणायचं नाही. मी सल्ला देत नाही, ते माझं काम नाही. अर्थ वकील सांगतात, निकाल न्यायाधीश देतात, मी पान दाखवते. पण पान दाखवायचं तर पूर्ण दाखवायला हवं ना? अर्धंच दाखवायचं म्हणजे मग — असो.

हे बघा, कायद्याचं पुस्तक असं मधून उघडून वाचायचं नसतं. सगळे मधूनच उघडतात, तुमचं काही चुकलं नाही. आधी पहिलं पान उघडायचं आणि साल बघायचं. बघितलंत? किती जुनं आहे ते. मग एकदम शेवट. शेवटच्या पानाच्याही मागे, पुठ्ठ्याला आतून — हा खिसा. दिसला? पाकीट चिकटवल्यासारखा. कायदा बदलतो, पुस्तक काही दरवेळी नवं आणता येत नाही, मग जेवढं बदललं तेवढंच छापून एक पातळ पुरवणी येते, ती या खिशात ठेवायची. आमचं निम्मं आयुष्य या खिशांमध्ये गेलं. पुरवणी आली की पुस्तक शोधायचं, जुनी काढायची, नवी घालायची, आणि जुनी फेकायचीही नाही हं — कोणाचं भांडण जुन्या कायद्याच्या वेळचं असतं, त्याला तीच लागते. मी नवीन होते तेव्हा इथल्या मोठ्या बाई म्हणायच्या, अगं, पुस्तक जुनं झालं की ते काही खोकत नाही माणसासारखं. दिसतं तसंच दिसतं. आपणच सांगावं लागतं वाचकाला, की बाबा रे, मागचा खिसा बघ.

हो. रिकामा आहे खिसा. बघितलं मी. सांगते — जरा पाणी पिते आधी. बाटली टेबलावर ठेवायची नाही आपल्याकडे, खाली पायाशी ठेवायची, एक थेंब उडाला तरी पान फुगतं. तुम्हाला हवंय? नको? बरं.

कसली भीती वाटतेय, मी घरी जाऊन सांगेन? तेही सांगते मग. वाचक काय वाचतो ते या टेबलावरून उठत नाही. कोणासाठी उठत नाही. एकदा एक गृहस्थ आले, चांगले इस्त्रीचे कपडे, गोड बोलणं, म्हणाले, "मॅडम, माझी मिसेस इथे येते का हो?" मी म्हटलं, सांगणार नाही. "अहो, मी तिचा नवरा आहे." मी म्हटलं, असाल. तर त्यांना वाटलं मी चेष्टाच करतेय. गेले वरच्या साहेबांकडे तक्रार घेऊन, साहेबांनीही तेच सांगितलं. आता इथे बारीक फरक आहे, तो नव्या लोकांना समजत नाही — माहीत नाही, असं म्हणायचं नसतं. ते खोटं झालं. आणि एकदा खोटं बोललं की पुढच्या वेळी चेहऱ्यावर दिसतं, मग तो समोरचा चेहराच वाचत बसतो. सांगणार नाही, म्हणायचं. माहीत आहे, आणि सांगणार नाही. म्हणजे विषय संपतो. घरी कोणी विचारलं तरी तेच. बाळने विचारलं तरी तेच — हो, विचारलंय त्याने. "ती हल्ली दुपारी कुठे जाते गं?" मी म्हटलं, भाजीत मीठ कमी आहे का बघ.

बाळ. कानशिलं पांढरी व्हायला लागली तरी आपल्या घरात तो बाळच. तूही त्याला — तुम्हीही त्याला तेच म्हणता, माझं ऐकून. रविवारी जेवताना काय म्हणाला मला? तुम्ही आत पोळ्या करत होतात. "आई, घर अजून तुझ्याच नावावर आहे ना?" मी म्हटलं, हो. "मग तिचा काही संबंध येत नाही ना?" मी म्हटलं, घरी मी कायद्याचं उत्तर देत नाही, ग्रंथालयात ये, पुस्तक काढून देते. तुलाही देईन, तिलाही देईन, तेच पुस्तक. हसला. "तू म्हणजे ना आई," म्हणाला, आणि ताट तसंच ठेवून उठला. आला नाही. येणारही नाही, त्याला कुठे काही शोधायचंय? त्याला वाटतं त्याला माहीत आहे. सोमवारी सकाळी दारात उभा राहून तेच तर ओरडत होता — घर माझ्या आईचं आहे, तुझं इथे टाचणीएवढंसुद्धा काही नाही, चपला घाल आणि चालती हो. माझ्या आईचं. मी आत भांडी घासत होते. नळ सोडलेला होता. नळ सोडला म्हणून ऐकू येत नाही असं काही नसतं — पण ऐकलं नाही असं म्हणता येतं. मग कडी लागल्याचा आवाज आला. मग त्याची आंघोळ, त्याचा चहा, तो मागच्या दाराने कामावर गेला, आणि तू बाहेर जिन्यात. किती वेळ मी ओट्यापाशी उभी होते कोण जाणे, एकच पातेलं घासत. दार उघडलं ते दूध घ्यायला म्हणून. दूध कधीच येऊन पडलं होतं, पिशवी तुझ्या हातात होती. तू आत आलीस, आपण दोघींनी दूध तापवलं. तू म्हणालीस, साय धरू का? मी म्हटलं, धर. बाकी काही बोललो का आपण? नाही.

मला वाईट वाटायला हवं होतं, नाही? मी वाट बघत होते वाटायची. दाताचे डॉक्टर इंजेक्शन देतात, मग कसा गाल आपला राहत नाही — हात लावला तर दुसऱ्याच कोणाला लावल्यासारखा. आणि डॉक्टर बजावून सांगतात, आता काही खाऊ नका, स्वतःचाच गाल चावाल आणि समजायचं नाही. तसं चाललंय माझं. इथे येते, शिक्के मारते, कोणी मागेल ते पुस्तक काढून देते, हात बरोबर चालतात. शिपाईकाका म्हणाले, बाई, तुम्ही हल्ली चहात साखर दोनदा घालता. मी म्हटलं, हो का? गोड लागला नव्हता मला.

खिशाचं सांगायचं राहिलं. पुरवणी माझ्या ड्रॉवरमध्ये आहे. ह्या, डाव्या. सोमवारपासून. काकांनी विचारलं, ही बाहेर का? मी म्हटलं, खिसा सुटलाय, चिकटवायचाय. त्यांनी बिचाऱ्यांनी लगेच डिंकाची बाटली आणून ठेवली — ही बघा, झाकणसुद्धा उघडलेलं नाही. खिसा कुठे सुटलाय? चांगला घट्ट आहे, तुम्हीच ओढून बघितलात आत्ता. का काढली म्हणता? तुम्ही काही म्हणत नाही, मीच म्हणतेय. काय लिहिलंय त्यात ते मला माहीत होतं म्हणून काढली. सून आज ना उद्या इथे येणार, हेही माहीत होतं. नळाच्या आवाजातूनसुद्धा समजतात अशा गोष्टी. मला वाटलं, मी काही हातात खोटं देत नाहीये — पुस्तक तर खरंच आहे, शिक्क्याचं आहे, कपाटातलं आहे. एक पातळ पुरवणी जागेवर नाही, एवढंच. रिकाम्या खिशाबद्दल कोण विचारतं? खिसा असतो हेच कोणाला ठाऊक नसतं. तुम्हाला तरी कुठे होतं?

तुम्ही चालला होतात की. पुस्तक ठेवलंत, सहज म्हणालात, वळलात. दारापर्यंत गेला असतात. घरी जाऊन पोळ्या लाटल्या असत्यात, मनाशी म्हणत की घर सासूचं आहे, आता काय करायचं. आणि मी काही म्हणणार नव्हते, खरंच सांगते, मी मनाशी ठरवून बसले होते की आज नुसती मान हलवायची. तर तोंडातून काय निघालं? कोणतं पुस्तक हवंय तुम्हाला. दुसरं काही निघालंच नाही. इतकी वर्षं पाठ फिरवून निघालेल्या माणसाला मी तेच विचारत आलेय, खांदे पडलेले दिसले की आपोआप निघतं ते. मनाला विचारलंच नाही तोंडाने.

थांबा, उघडते. हा ड्रॉवर जरा अडकतो, वर उचलून ओढावा लागतो. — ही. घ्या. धरा की. कोपरा दुमडलेला आहे तिथे उघडा. पुस्तकाचा कोपरा दुमडू नये म्हणून त्या भिंतीवर नोटीस कोणी लावली? मी. आणि हा कोणी दुमडला? वाचकाबद्दल आम्ही सांगत नाही. वाचा. मोठ्याने नको, मनात. घर कुटुंबातल्या कोणाच्याही नावावर असो — दिसलं? — नवराबायको तिथे एकत्र राहिलेले असले की तिला बाहेर काढता येणार नाही. आणि खाली वाचा, खाली. तिच्या जिवाला धोका आहे असं कोर्टाला वाटलं तर कोर्ट त्यालाच घराबाहेर राहायला सांगू शकतं. त्यालाच. हे वाक्य मी आठवडाभर वाचतेय. घर माझं, कष्टाचं, बाळचे बाबा गेले तेव्हा न्हाणीघराच्या फरश्या बसायच्या राहिल्या होत्या, त्या मी बसवून घेतल्या. त्यात मी आणि तू, आणि तो बाहेर. तो सकाळी उठला की तीन शिंका देतो बघ, ओळीने, अगदी त्याच्या बाबांसारख्या. त्या ऐकू आल्या की मला समजतं, घर उठलं. त्या नसल्या तर मी काय, घड्याळ लावू?

हे तुला सांगायचं नव्हतं मला. हे तुमचं काम नाही. तुम्ही पान वाचायचं.

रडताय होय? रडा हवं तर, इथे मनाई नाही, कितीतरी जण रडून गेलेत त्या खुर्चीत. पुरवणी फक्त लांब धरा. हं, तशी. मला रडू येत नाहीये, तुम्हाला वाटेल सासू किती कोरडी. येईल कधीतरी. इंजेक्शन उतरलं की दुखतं म्हणतात.

आता नीट ऐका, वेळ संपत आलीय. पुरवणी बाहेर न्यायची नाही, खिडकीशेजारी झेरॉक्सचं मशीन आहे, ते एक पान आणि पहिलं पान, दोन्ही काढून घ्या — पहिलं कशाला? साल दिसायला. साल नसलेल्या कागदाला वकील विचारत नाहीत. उद्या सकाळी या इमारतीच्या पुढच्या भागात, उजव्या हाताचं दुसरं दार, तिथे फुकट सल्ला देणाऱ्या वकीलबाई बसतात. चष्मा नाकावर असतो आणि बोलतात जरा तोडून, पण घाबरायचं नाही, ऐकून घेतात सगळं. कागद त्यांना दाखवा, मनगटही दाखवा. तिथे बाही खाली ओढू नका. अर्थ त्या सांगतील. मला नका विचारू. मला अर्थ समजत नाही असं नाही. मी सांगणार नाही.

झालं काढून? आणा ती इकडे, मीच घालते. डिंक नको, नुसती सरकवायची. ही गेली जागेवर. आता उद्या कोणीही मागितलं तरी पूर्ण पुस्तक मिळेल — तुम्हाला मिळालं तसं. बाळ आला तर बाळलाही. नाही येणार तो.

काका खिडक्या लावायला लागले. उठा. पाया कशाला पडताय, वाचक ग्रंथपालाच्या पाया पडतात का कुठे? उठा म्हणते ना. स्कार्फ नीट घ्या, गार हवा आहे बाहेर. तुम्ही पुढे व्हा, मी मागून येते, दोघींनी एकत्र घराच्या दारातून आत जायला नको. कुकर लावून ठेव — ठेवा. नाही, ठेव. ते घरचं आहे. चला, पुढच्या वाचकाला जागा द्या. पुढे कोणी नाहीये, दिसतंय मला. उठा तरी.

दुसऱ्या दिवशी सकाळी सून दोन कागद पिशवीत घालून, बाही दुमडून, वकीलबाईंच्या दाराशी जायला निघाली, आणि तीन शिंका देऊन उठलेल्या बाळने ती कुठे गेली असं विचारलं तेव्हा त्याच्या आईने नळ बंद केला आणि म्हटलं, "माहीत आहे. सांगणार नाही."